चौऱ्याहत्तरचा डूख

मेहरीनचा राग लोणच्यासारखा. घातला त्या दिवशी त्याची चव कुणाला कळायची नाही; तो बरणीत बसून मुरायचा. चौथीत असताना शेजारच्या मुलीनं तिच्या वहीवर शाई सांडली आणि वर गुरुजींना सांगितलं, की हिनंच सांडली. मेहरीननं दोन छड्या खाल्ल्या आणि अवाक्षर काढलं नाही. तीन वर्षांनी, सातवीत, गॅदरिंगच्या नाटकात तीच मुलगी राणी झाली. मेहरीननं पडद्यामागून तिच्या शालूचा पदर सिंहासनाच्या पायाला बांधला. राणी तरातरा चालायला लागली आणि सिंहासन तिच्या मागोमाग निघालं. अख्खं गाव हसून लोळलं. मेहरीनला त्या दिवशीही छड्या बसल्या, पण त्या तिनं आनंदानं खाल्ल्या.

आमच्याकडे याला डूख धरणं म्हणतात. लोक उगाच नागाचं नाव घेतात. नागाला एवढा धीर कुठला.

तिचे वडील गनीभाई मात्र अगदी उलट्या स्वभावाचे. कुणी पायावर पाय दिला तर हेच म्हणणार, बाबा, तुला लागलं तर न्हाई ना. संगमनेरपासून नऊ-दहा किलोमीटरवर त्यांचं घर, आणि घराला लागून शेळ्यांचा गोठा. संगमनेरी जातीच्या शेळ्या राखायचं काम त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. शेळी दारातून आत येताना तिची चाल बघून गनीभाई सांगायचे, हिच्या डाव्या सडाला सूज येणार हाय. दुसऱ्या दिवशी सूज यायची. आसपासच्या पाच-पंचवीस गावांतले लोक शेळी घ्यायची झाली की आधी गनीभाईंना दाखवायचे. गनीभाईंची नजर म्हणजे शिक्का, असं त्यांचा शेजारी कल्याण म्हणायचा. तोही शेळ्यावालाच, आणि सहसा कुणाचं कौतुक न करणारा.

या गनीभाईंचा रुस्तुम नावाचा बोकड होता. पांढराशुभ्र, खांद्याला उंच, चालायला लागला की वाट मोकळी व्हायची. तो कुर्बानीचा नव्हता, पैदाशीचा होता. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत यात्रा कमिटीनं जनावरांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा रुस्तुमचा पहिला नंबर धरूनच चालले होते सगळे. मेहरीन तेव्हा बारावीनंतरची पशुसंवर्धनाची पदविका संपवून घरी बसली होती. तिनं हौसेनं रुस्तुमला सजवलं. बकरी ईदला बोकडाला लावतात तशी मेंदी लावली. साधी नाही, रंग चढावा म्हणून काळी मेंदी, केसांना लावायच्या पावडरीत कालवलेली. दोन्ही कानांवर तीनतीनदा थर दिले. कान कसे जांभळासारखे झाले.

प्रदर्शनात जनावरं तपासायला फैयाज डॉक्टर आला होता. केडगावचा मुलगा, नुकताच शिकून आलेला, स्वतःचा दवाखाना टाकलेला. त्याच्याकडे नवं यंत्र होतं: मोबाईलएवढा डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला चिमटा. जनावराच्या कानाला नाहीतर जिभेला चिमटा लावला की पडद्यावर दोन आकडे येतात, वरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. असलं यंत्र मैदानात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे भोवती गर्दी झाली. फैयाजनं रुस्तुमच्या कानाला चिमटा लावला. वर आकडा आला चौऱ्याहत्तर.

आता हा आकडा कसला, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कोरोनात घराघरात बोटाला लावायचे चिमटे आले होते. नव्वदच्या खाली गेला की माणसाला गाडीत घालायचं, आणि सत्तरीत गेलेली माणसं परत आली नव्हती, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. फैयाजनं कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, फुफ्फुसाचा आजार दिसतोय, याला रांगेतून बाहेर काढा. माईकवर अजिनाथ होता. यात्रेत, लग्नात, कुस्त्यांत सूत्रसंचालन करणारा. त्याला विषय मिळायचा अवकाश.

"गनीभाईंचा रुस्तुम, ऑक्सिजन चौऱ्याहत्तर," तो कर्ण्यातून म्हणाला. "डॉक्टरसाहेबांनी आजार सांगितलाय. आपापली जनावरं लांब घ्या, मंडळी."

मंडळी लांब झाली. एवढ्या मोठ्या मैदानात गनीभाई आणि रुस्तुम दोघंच उरले. गनीभाई खाली मान घालून बोकडाला घेऊन निघाले, आणि रुस्तुम बिचारा दोरी ओढत होता, वाटेतल्या प्रत्येक बोकडाला शिंगावर घ्यायला बघत होता.

गावाला नाव पाडायला किती वेळ लागतो? त्या आठवड्यातच गनीभाईंचं नाव 'चौऱ्याहत्तर' पडलं. चौऱ्याहत्तर आला, चौऱ्याहत्तर गेला. चहाच्या टपरीवर कुणी खोकलं की दुसरा म्हणायचा, काय रे, गनीभाईंकडनं आलास का? रुस्तुमकडे शेळ्या आणणारे बंद झाले. त्याला पाच दिवस इंजेक्शनं दिली. ती द्यायलाही फैयाजच येणार होता, पण गनीभाईंनी दुसऱ्याकडून दिली, कारण त्याच्यासमोर उभं राहायची त्यांना लाज वाटली. शेवटी रुस्तुम कसायाकडे गेला. गनीभाईंनी आठवडे बाजारला जाणं सोडलं. कुणी शेळी दाखवायला आणलीच तर म्हणायचे, माझ्या नजरंचं काय खरं न्हाई आता, डॉक्टरला दाखवा.

हे शेवटचं वाक्य मेहरीनच्या काळजात काट्यासारखं रुतलं. बापाला नावं ठेवली, ते एक वेळ ठीक. पण बापाचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसा गेला, हे तिला सहन होईना. तिनं बरणी काढली आणि फैयाजचं नाव आत घातलं.

पुढच्याच महिन्यात ती संगमनेरला प्रणिता डॉक्टरांच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. आईला वाटलं, पोरगी मार्गाला लागली. पोरगी मार्गालाच लागली होती, फक्त तो कुठं जातो ते आईला माहीत नव्हतं. दवाखान्यात तसंच यंत्र होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी जनावराला भूल दिली की ते यंत्र धरून बसायचं काम मेहरीननं मागून घेतलं. जीभ कोरडी पडली की आकडा उगाच खाली येतो, म्हणून ओलं फडकं जवळ ठेवायचं. चिमटा एकाच जागी राहिला की तिथलं रक्त दबतं, म्हणून तो दर थोड्या वेळानं सरकवायचा. म्हशीची काळी जीभ सहजासहजी आकडा देत नाही, तिथे ओठाच्या आतली गुलाबी जागा शोधायची. आणि सगळ्यांत मोठा नियम प्रणिता डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता: एक हात कायम मांडीच्या आतल्या नाडीवर ठेवायचा. यंत्राची नाडी आणि बोटाखालची नाडी जुळली नाही तर यंत्र खोटं बोलतंय.

"यंत्राला डोळे नसतात, मेहरीन," त्या म्हणायच्या. "त्याला एक लाल उजेड दिसतो, बाकी काही नाही."

दुसऱ्या वर्षी, बकरी ईदच्या चार दिवस आधी एकानं बोकड आणला. पत्र्यानं मांडी कापलेली, टाके घालायचे होते. भूल दिल्यावर तोंडात फेस यायला लागला म्हणून मेहरीननं चिमटा कानाला लावला. आकडा आला एकोणसत्तर. ती ऑक्सिजनच्या नळीकडे धावणार, तेवढ्यात प्रणिता डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "हाताला नाडी किती?"

"शहाऐंशी."

"यंत्रात?"

"चव्वेचाळीस."

"मग कान सोड. मेंदी लावलीय त्याला. जीभ पुसून घे आणि तिथे लाव."

जिभेवर सत्त्याण्णव आले. मेहरीनच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

त्या दुपारी तिनं मोबाईलमध्ये जुना व्हिडिओ शोधला. प्रदर्शनात आसाराम नावाच्या गावातल्या एकानं काढून सगळीकडे पाठवला होता, चौऱ्याहत्तरचा. तेव्हा सगळ्यांनी वरचा आकडा बघितला होता. तिनं खालचा बघितला. त्रेचाळीस. नाडी त्रेचाळीस असती तर रुस्तुम जागेवर आडवा झाला असता. तो तर व्हिडिओत डॉक्टरलाच ढुशी द्यायला बघत होता. एक बोट मांडीला लावलं असतं तरी फैयाजला कळलं असतं. आणि ज्याच्या स्वतःच्या घरात दर ईदला बोकडाला मेंदी लागते, त्याला काळा कान दिसू नये?

मेंदी आपण लावली होती, हेही तिला त्याच क्षणी कळलं. ते तिला एवढं झोंबलं की तिनं तोही राग फैयाजच्याच नावानं बरणीत ढकलला. आपल्यावरचा राग दुसऱ्याच्या खात्यावर टाकायला फार अक्कल लागत नाही, ते सगळ्यांना जमतं.

खरं म्हणजे त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं बापाला सांगायला हवं होतं, अब्बा, रुस्तुम ठणठणीत होता. एवढं एक वाक्य. एस.टी.त बसून ती तेच घोकत होती. पण घर जवळ यायला लागलं तसा तिला पुढचा सगळा देखावा दिसायला लागला. अब्बा उद्याच उठून फैयाजच्या दवाखान्यात जातील. तो खुर्ची देईल, म्हणेल, चाचा, चूक झाली, माफ करा. अब्बा म्हणतील, होतं बाबा, माणूस हाय. दोघं चहा पितील आणि मिटलं. कर्ण्यावरून झालेली बदनामी चार भिंतींत धुतली जाणार, आणि गाव चौऱ्याहत्तर म्हणतच राहणार. छे. जिथं घालवली तिथंच परत मिळाली पाहिजे. त्याच मैदानात, त्याच कर्ण्यावर. प्रदर्शन सात महिन्यांवर होतं. सात महिने म्हणजे तिला काय, तिनं पदरासाठी तीन वर्षं काढली होती.

ती घरी आली, हातपाय धुतले, आणि जेवली.

दिवाळी झाली आणि एका दुपारी ती दवाखान्यातून लवकर परत आली, तर गोठा रिकामा. एक म्हातारी शेळी तेवढी खुंट्याला रवंथ करत होती. रुस्तुमच्या लेकी, बहिणी, सगळ्या मिळून अकरा जनावरं सकाळी टेम्पोत गेली होती. गनीभाई दावी गुंडाळून ठेवत होते.

"कुणाला दिल्या, अब्बा?"

"कापायला."

"राखायला का न्हाई दिल्या? कल्याणचाचा तर मागत हुता."

"ह्या रक्तातच दम न्हाई, मेहरीन. फुफ्फुसं कच्ची हायेत. जानूनबुजून दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालू? आपल्याकडं आली, आपल्याकडंच संपू दे." त्यांनी दावं खुंटीला अडकवलं. "तीन पिढ्या राखली. मला आंधळ्याला दिसलंच न्हाई."

मेहरीनच्या तोंडात ते वाक्य आलं होतं. अगदी दातांपर्यंत. पण टेम्पो गेला होता, सकाळीच गेला होता, आणि आता सांगून अकरापैकी एकही परत येणार नव्हती. प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं होतं. तिनं ते वाक्य गिळलं. त्या अकरांचाही दोष तिनं फैयाजलाच दिला. आता तर त्याला सोडायचंच नाही, असं तिनं ठरवलं.

दैवही असं, की नको त्याला हात देतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फैयाजचं लग्न झालं, आणि प्रदर्शन लग्नानंतर पाचव्या दिवशी आलं. नवरदेव तपासणीला हजर. त्याच्या बहिणींनी हौसेनं त्याची बोटं रंगवली होती, नखांपासून पहिल्या पेरापर्यंत, काळीकुट्ट. मेहरीननं ती बोटं लांबूनच पाहिली आणि तिचा जीव गार झाला. तिनं वेगळाच बेत केला होता, एका शेळीचा कान रंगवून आणायचा. पण समोर आयतं ताट वाढून आल्यावर चूल कोण पेटवतंय?

कमिटीनं या वर्षी प्रणिता डॉक्टरांच्या दवाखान्यालाही मदतीला बोलावलं होतं. मेहरीन यंत्र घेऊन फैयाजच्या टेबलाशी गेली. भोवती गर्दी, बाजूला माईक घेऊन अजिनाथ.

"डॉक्टर, आमचं मशीन जरा बघता का?" ती अदबीनं म्हणाली. "जनावराला लावायच्या आधी म्हटलं माणसाला लावून बघावं. तुमच्याच बोटाला लावते."

फैयाजनं हसत बोट पुढे केलं. नवा नवरदेव, सगळ्यांवर खूश. चिमटा लागला. पडद्यावर आकडे थरथरले आणि थांबले. मेहरीननं यंत्र अजिनाथच्या नाकासमोर धरलं, आणि अजिनाथला तर दिसेल ते कर्ण्यावर सांगायची खोडच.

"डॉक्टरसाहेबांचा ऑक्सिजन एक्काहत्तर," तो बोलून गेला आणि मग त्यानं माईक तोंडापासून लांब केला.

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, गाडी बोलवा."

हशा पिकला. मेहरीननं अजिनाथच्या हातून माईक घेतला. तिचा आवाज कापत नव्हता. सात महिने तालीम झाली होती.

"घाबरू नका, नवरदेवाला काही झालेलं नाही. बोटाला काळी मेंदी आहे, तिच्यातून मशीनला दिसत नाही. हे माझं बोट बघा, अठ्ठ्याण्णव. दोन वर्षांमागं याच डॉक्टरांनी, याच मैदानात, आमच्या रुस्तुमच्या मेंदी लावलेल्या कानाला हाच चिमटा लावला. हातानं नाडी बघितली नाही. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, खालचा आकडा बघा. नाडी त्रेचाळीस, आणि बोकड उड्या मारतोय. रुस्तुमला काही झालं नव्हतं. माझ्या बापाच्या नजरेलाही काही झालं नव्हतं. त्यांना चौऱ्याहत्तर म्हणणाऱ्यांनी आता यांना एक्काहत्तर म्हणा."

आसाराम तर तिथेच व्हिडिओ काढून बसला होता. फैयाजचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यानं चिमटा काढला, बोटांकडे बघितलं, आणि टेबलामागून बाहेर आला. लोक वाट बघत होते की हा आता भांडेल. मेहरीनही त्याचीच वाट बघत होती. पुढची चार उत्तरं तिच्याकडे तयार होती. पण तो एवढंच म्हणाला, "चाचा कुठं आहेत?"

"घरी. दोन वर्षं झाली, घरीच असतात."

"चला," तो म्हणाला. "मला आत्ता जायचंय."

त्यानं मोटारसायकल काढली. मेहरीन कल्याणच्या गाडीवर बसून मागून निघाली. वाटेत तिला इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका. शेंगदाण्याच्या पोत्यासारखं काहीतरी दोन वर्षं डोक्यावर होतं, ते उतरलं होतं. कल्याण वळून वळून म्हणत होता, "पोरी, जितलीस. बापाची अब्रू आनलीस." तिला ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

गनीभाई अंगणात त्या एका म्हाताऱ्या शेळीसाठी पाला तोडत होते. फैयाजनं त्यांच्यासमोर उभं राहून, एकही शब्द न लपवता सगळं सांगितलं. मेंदी, कान, नाडी, आणि आज मैदानात काय झालं ते. "चाचा, एक बोट लावायला हवं होतं मी, नाही लावलं," तो म्हणाला. "मला कुणी आधी दाखवून दिलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो. कर्ण्यावर जाऊन सांगितलं असतं."

मेहरीनची आई चहा घेऊन आली आणि ट्रे धरून तशीच उभी राहिली. गनीभाईंनी कोयता खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं ते सुख होतं, मेहरीननं ते स्वतः पाहिलं.

"म्हंजी रुस्तुम चांगला हुता," ते म्हणाले.

"व्हय, चाचा. एकदम."

"आन त्याच्या लेकी बी."

"त्याही."

गनीभाईंनी रिकाम्या गोठ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमाला हे कवा कळलं?"

"आज. अर्ध्या तासापूर्वी."

त्यांनी मान वळवली. त्यांची ती जुनी नजर, दारातून येणाऱ्या जनावराचं दुखणं ओळखणारी, मेहरीनवर येऊन थांबली.

"आन तुला?"

खोटं बोलावंसं तिला वाटलं. पण ही नजर शाबूत आहे, हे तिनंच आज हजार लोकांना ओरडून सांगितलं होतं.

"बकरी ईदला, अब्बा."

"शेळ्या दिवाळीनंतर गेल्या."

कल्याण, जो वाटभर बोलत होता, तो चपलेनं माती उकरायला लागला. गनीभाईंनी ट्रेमधला एक कप उचलून फैयाजच्या हातात दिला.

"डॉक्टर, तुमाला ठावं नव्हतं," ते म्हणाले. "न कळता चुकलं त्याला माफी असती. तुमचं माझं मिटलं. घ्या, चा घ्या."

मेहरीन पुढे झाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला फैयाजचा राग येत नव्हता.

"अब्बा, मी हे सगळं तुमच्यासाठी केलं."

"माझ्यासाठी असतं," गनीभाई पाल्याची पेंडी उचलत म्हणाले, "तर मला आदी सांगितलं असतंस."